दोन आठवड्यांचा अल्बम: पिंक फ्लॉइड आणि ‘ऑब्स्क्योर्ड बाय क्लाउड्स’

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की लोक ‘द डार्क साइड ऑफ द मून’पासून सुरुवात करतात. फार तर ‘मेडल’पर्यंत मागे जातात. या दोन अल्बमांच्या मधे १९७२ साली आणखी एक स्टुडिओ अल्बम आला होता, हे बऱ्याच जुन्या चाहत्यांनाही चटकन आठवत नाही. मला तो अल्बम फार प्रिय आहे. पण इथे तो निवडला आहे तो दुसऱ्या कारणासाठी. मोठं काम ऐन रंगात असताना हातात आलेलं छोटं, घाईचं काम घ्यावं का, घेतलं तर ते कसं करावं आणि झाल्यावर ते कोणाच्या नावाने बाजारात न्यावं, हे तीनही निर्णय या एका प्रकरणात पाहायला मिळतात.

बँडची आणि दिग्दर्शकाची नावं सर्वांना ठाऊक असल्यामुळे तशीच ठेवली आहेत. स्टुडिओतले तंत्रज्ञ आणि चित्रपट कंपनीतली माणसं यांचा उल्लेख त्यांच्या कामापुरताच येईल.

पार्श्वभूमी

१९७२ च्या जानेवारीत रॉजर वॉटर्स, डेव्हिड गिल्मोर, रिचर्ड राइट आणि निक मेसन एक नवी सलग रचना घेऊन इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाले. २० जानेवारीला ब्रायटनमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि तांत्रिक बिघाडामुळे मध्येच थांबवावी लागली. महिन्याभरात ती बरीच सावरली. १७ ते २० फेब्रुवारी अशा चार रात्री लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ती पत्रकारांसमोरही वाजली. हीच पुढे ‘द डार्क साइड ऑफ द मून’ झाली. तोवर तिचं स्टुडिओतलं काम सुरूही झालं नव्हतं. गावोगाव प्रयोग करता करता नाटक बसत जातं, संवाद घासले जातात, नको ते गळतं, तशीच ही रचना रंगमंचावर घडत होती.

अशा वेळी बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाने संगीत मागितलं. तो त्यांना नवा नव्हता. १९६९ मध्ये त्याच्या ‘मोर’ या चित्रपटाला त्यांनीच संगीत दिलं होतं. गायक-गीतकार सिड बॅरेट बाहेर पडल्यानंतर बँड अजून चाचपडत होता, तेव्हाची ही गोष्ट. ‘मोर’चं काम त्यांनी काही दिवसांत उरकलं आणि त्याची रेकॉर्ड ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ९ व्या क्रमांकापर्यंत गेली. श्रोडरला प्रसंगांवर लिंपलेलं पार्श्वसंगीत नको असे. पात्राच्या खोलीतल्या रेडिओवर किंवा पार्टीतल्या टेपवर ऐकू येईल असं, त्या जगातलंच संगीत त्याला हवं असे. त्यामुळे बँडला पुरी गाणी करायची मोकळीक मिळाली.

याच्या अगदी उलटा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. १९६९ च्या अखेरीस ते रोममध्ये मिकेलांजेलो अँतोनियोनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’साठी बसले होते. तिथे काहीही केलं तरी दिग्दर्शकाचं समाधान होईना. अखेर त्यांच्या तीनच रचना चित्रपटात राहिल्या. राइटने दंगलीच्या दृश्यासाठी पियानोवर बांधलेली एक संथ चाल नाकारली गेली. तीच चाल पुढे ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं ‘अस अँड देम’ हे गाणं झाली. चित्रपटाचं काम म्हणजे काय, हे त्यांना दोन्ही बाजूंनी कळलेलं होतं, हा मुद्दा पुढच्या निर्णयासाठी महत्त्वाचा आहे.

नव्या चित्रपटाचं नाव होतं ‘ला व्हाले’, म्हणजे ‘दरी’. मेलबर्नमधल्या फ्रेंच वाणिज्यदूताची बायको दुर्मिळ पक्ष्यांच्या पिसांच्या शोधात न्यू गिनीत येते आणि एका भटक्या टोळक्याबरोबर अशा दरीकडे निघते, जी नकाशावर दिसतच नाही. नकाशातल्या त्या कोऱ्या जागेवर ‘ढगांनी झाकलेलं’ एवढेच शब्द असतात. ब्यूल ओजिए ही अभिनेत्री मुख्य भूमिकेत होती आणि छायाचित्रण नेस्तोर आल्मेन्द्रोसचं होतं.

अडचण

वेळ नव्हता. मार्चच्या सुरुवातीला जपानचा दौरा ठरलेला होता. रेनबोतला शेवटचा प्रयोग २० फेब्रुवारीला संपला की मधले जेमतेम दोन आठवडे मोकळे. तेवढ्यात फ्रान्सला जायचं, चित्रपटाचं कच्चं संकलन पाहायचं, संगीत सुचायचं, वाजवायचं आणि ध्वनिमुद्रित करायचं.

वेळेपेक्षा मोठी अडचण मला दुसरीच वाटते. नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेल्या ‘मेडल’च्या रेकॉर्डची एक पूर्ण बाजू ‘एकोज’ या एकाच रचनेने व्यापली होती, तब्बल २३ मिनिटं. त्याआधीच्या ‘अ‍ॅटम हार्ट मदर’मध्येही एक बाजू एका रचनेला दिलेली. लांब पल्ल्याची, हळूहळू उलगडणारी रचना ही त्यांची ओळख बनली होती आणि नवं मोठं कामही त्याच वाटेने चाललं होतं. चित्रपटाला मात्र तीन-चार मिनिटांचे तुकडे हवे होते. एखादा बँड आपली ओळख मोठ्या कष्टाने कमावतो, तेव्हा तिच्याबाहेरचं काम हातात घेणं जड जातं.

पुढ्यातल्या वाटा

बाहेरून पाहिलं तर त्यांच्यापुढे चार वाटा होत्या.

सरळ नकार देता आला असता. मोठी रचना अजून तापलेली होती. रेनबोच्या प्रयोगांनंतर लगेच स्टुडिओत शिरून ती पकडावी, असं कोणीही सुचवलं असतं. पण दौऱ्याच्या तारखा पाहता ती पुरी झालीच नसती आणि अर्धवट रेकॉर्डिंग गळ्यात पडलं असतं. शिवाय प्रयोगांतून ती अजून बदलत होती. मला वाटतं, इथे न थांबणं घातक ठरलं असतं.

दुसरी वाट म्हणजे शिल्लक साठ्यातलं काही जोडून द्यायचं. तिसरी, चित्रपटापुरते तुकडे वाजवायचे आणि रेकॉर्ड काढायचीच नाही. चित्रपट संगीतात पुष्कळजण हेच करतात आणि त्यात गैर काही नाही.

चौथी वाट सर्वांत कष्टाची. चित्रपटाच्या गरजेतूनच, पण स्वतंत्रपणे ऐकली जातील अशी गाणी करायची आणि त्याच दोन आठवड्यांत एक पुरा अल्बमही उभा करायचा. त्यांनी हीच निवडली.

काय केलं

पॅरिसच्या वायव्येला, पोंत्वाझजवळच्या एका खेड्यात अठराव्या शतकातला एक वाडा आहे, शातो देरूव्हील. मिशेल मान्य या फ्रेंच संगीतकाराने तिथे निवासी स्टुडिओ थाटला होता. राहायचं, जेवायचं आणि रेकॉर्डिंगही करायचं एकाच छपराखाली. फ्लॉइडच्या महिनाभर आधी, जानेवारीत, एल्टन जॉनने तिथेच ‘हाँकी शातो’ ध्वनिमुद्रित केला होता. २३ फेब्रुवारीला चौघे तिथे पोचले आणि आठवडाभर राहिले. मग जपान. मार्चच्या अखेरीस परतून आणखी पाच दिवस. एप्रिलच्या सुरुवातीला लंडनमध्ये मिक्सिंग.

पद्धत ‘मोर’चीच ठेवली. कच्चं संकलन पाहायचं, स्टॉपवॉच लावून प्रसंगांची लांबी टिपून घ्यायची आणि त्या लांबीचे, पण एकमेकांत मिसळता येतील असे सांगीतिक मूड तयार करायचे. अंतिम संकलन बदललं तरी एका तुकड्यातून दुसऱ्यात हळूच जाता यावं, एवढी सोय ठेवलेली. निक मेसनने नंतर आपल्या आठवणींत या कामाबद्दल आपुलकीने लिहिलं आहे. गाण्याच्या ठरीव बांधणीची सक्ती नव्हती, एखादी कल्पना तिच्या कच्च्या, आखूड रूपातही चालून जात होती, वर सोलो आणि सजावट चढवायची गरज नव्हती, असा त्याचा सूर आहे. नाटकाचं किंवा मालिकेचं पार्श्वसंगीत करणाऱ्या आपल्याकडच्या संगीतकारांना ही मोकळीक नेमकी कळेल. मिनिटं-सेकंद दुसऱ्याने ठरवले की आपल्याला फक्त आशयाकडे पाहायचं असतं.

या निर्णयाचं फळ गाण्यांतच ऐकू येतं, म्हणून थोडं तिथे थांबतो.

शीर्षकरचना सुरू होते ती व्हीसीएस-३ या सिंथेसायझरच्या एका खर्जातल्या घुमाऱ्याने. तो स्वर हलत नाही. त्यावर ढोलासारखा एकसुरी ठेका येतो आणि मग गिल्मोरची गिटार. तीन मिनिटांत काहीही ‘घडत’ नाही आणि तरी धुक्यातून डोंगर पुढे सरकल्यासारखं वाटतं. त्याला लागूनच ‘व्हेन यू आर इन’ येतं, जड पावलांचं. बँडला ही जोडी इतकी आवडली की पुढच्या मैफलींची सुरुवात ते तिनेच करू लागले.

‘बर्निंग ब्रिजेस’मध्ये गिल्मोर आणि राइट आलटून-पालटून गातात. तीच चाल पुढे ‘मडमेन’मध्ये शब्दांविना परत येते आणि गिटार तिला पार वेगळ्या उंचीवर नेते. एकाच चालीचा दोनदा वापर म्हणजे वेळेची बचत, असं कोणी म्हणेल. ऐकताना मात्र आधी माणसाच्या तोंडून कळलेली गोष्ट नंतर मनात पुन्हा उमटावी तसं होतं. ‘वॉट्स... अं द डील’ हे तर मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतल्या सर्वांत हळव्या गाण्यांपैकी एक वाटतं. साधी अकूस्टिक गिटार, राइटचा पियानो, थकलेल्या माणसाचे शब्द. ‘स्टे’ राइट गातो, तेही तसंच घरगुती, सकाळच्या उजेडातलं.

आणि ‘फ्री फोर’. वॉटर्सचं गाणं. चाल उड्या मारत जाणारी, टाळ्यांची. शब्द म्हातारपणाचे, मरणाचे, दौऱ्यांच्या दमछाकीचे आणि युद्धात मेलेल्या बापाचे. वॉटर्सचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. ‘द वॉल’ आणि ‘द फायनल कट’ या अल्बमांत हा विषय केंद्रस्थानी आला, पण त्याने तो गाण्यात पहिल्यांदा उघडपणे काढला तो इथे, फ्रान्समधल्या एका चित्रपटाच्या घाईच्या कामात. मला हे फार बोलकं वाटतं. ज्या कामावर सर्वांचे डोळे लागलेले असतात तिथे माणूस अशी गोष्ट सहज बोलत नाही.

‘चाइल्डहुड्स एंड’ ही गिल्मोरने एकट्याने लिहिलेली. यानंतर १९८७ पर्यंत फ्लॉइडच्या अल्बमांत त्याचे शब्द आले नाहीत. ते सगळे वॉटर्सकडे गेले. चौघेही लिहितात, दोघे-तिघे गातात, कोणा एकाचा वरचष्मा नाही, असा हा जवळजवळ शेवटचा मुक्काम.

नावाचा निर्णय

रेकॉर्डिंग झालं आणि चित्रपट कंपनीशी बिनसलं. रेकॉर्ड चित्रपटाच्या नावाने, ‘ला व्हाले’ म्हणून यायची होती. बँडने ते नाव सोडलं आणि नकाशावरच्या त्या कोऱ्या जागेवरचे शब्द उचलले: ‘ऑब्स्क्योर्ड बाय क्लाउड्स’. मग चित्रपटवाल्यांनीही तेच शब्द कंसात घालून आपलं नाव ‘ला व्हाले (ऑब्स्क्योर्ड बाय क्लाउड्स)’ असं केलं.

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत नेमका निर्णय होता. भांडणाच्या भरात बँडला काहीतरी भलतंच, चित्रपटाशी नातं तोडणारं नाव ठेवता आलं असतं. तसं न करता त्यांनी चित्रपटाच्याच पोटातला शब्द घेतला. त्यामुळे अल्बम स्वतंत्रही झाला आणि दोघांमधला धागाही राहिला. समोरच्याला मागे येण्याची वाट मोकळी राहिली आणि तो आलाही.

याच सुमाराला त्यांच्या मोठ्या कामाचंही नाव अडचणीत होतं. १९७२ मध्येच मेडिसिन हेड नावाच्या दुसऱ्या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ नावाचा अल्बम आला. तेव्हा फ्लॉइडने आपली रचना काही काळ ‘एक्लिप्स’ या नावाने वाजवली आणि तो अल्बम फारसा चालला नाही तेव्हा जुनं नाव परत घेतलं. एका कामात नाव बदलून ते तडीस नेलं, दुसऱ्यात बदललं आणि थांबून परत घेतलं. दोन्हीकडे घाई केली नाही.

निष्पत्ती

अल्बम ब्रिटनमध्ये २ जून १९७२ ला हार्वेस्ट या लेबलवर आला. दहा रचना, साधारण चाळीस मिनिटं. ब्रिटनच्या यादीत तो ६ व्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत ४६ व्या. अमेरिकेचा आकडा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ तिथे ५५ वर आणि ‘मेडल’ ७० वर अडकला होता. म्हणजे ज्याला लोक आज किरकोळ धरतात, त्या अल्बमने तोवरच्या त्यांच्या सर्व अल्बमांपेक्षा अमेरिकेत पुढचा क्रमांक मिळवला. ‘फ्री फोर’ तिथे सिंगल म्हणून निघालं आणि एफएम रेडिओवर वाजू लागलं. बँडला अमेरिकी रेडिओवर अशी जागा तोवर मिळाली नव्हती.

पण त्याच जूनच्या सुरुवातीला चौघे अ‍ॅबी रोड स्टुडिओत मोठ्या रचनेच्या रेकॉर्डिंगला बसले होते. नवं मूल घरात आलं त्याच आठवड्यात घरच्यांचं सगळं लक्ष दुसरीकडे. मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला आणि १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे अमेरिकेच्या यादीत राहिला. त्या सावलीत आधीचा अल्बम अक्षरशः ढगांनी झाकला गेला.

‘ऑब्स्क्योर्ड बाय क्लाउड्स’ म्हणजे ‘डार्क साइड’ची रंगीत तालीम, असं बरेचदा म्हटलं जातं. ‘चाइल्डहुड्स एंड’चा ठेका आणि ‘डार्क साइड’मधल्या ‘टाइम’चा ठेका शेजारी ठेवून दाखवले जातात. मला हे पूर्ण पटत नाही. मोठ्या रचनेचा सांगाडा जानेवारीतच लोकांसमोर वाजला होता, तेव्हा कोणापासून कोण जन्मलं हे असं सरळ सांगता येत नाही. या कामाने त्यांना दिली ती आखूड लिहिण्याची सवय. तेवीस मिनिटं ऐसपैस पसरणाऱ्या बँडने बारा दिवस तीन-चार मिनिटांत म्हणणं संपवण्याचा रियाज केला आणि लगेच पुढच्या कामाला हात घातला. ‘डार्क साइड’मधली गाणी एकमेकांत विणलेली असूनही एकेकटी उभी राहतात, ते ऐकताना मला त्या वाड्यातले दिवस आठवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, रेकॉर्डचं नाव आणि तिच्यावरचा हक्क स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी लेखी ठरायला हवा होता. श्रोडरवर त्यांचा विश्वास होता आणि तो सार्थही होता. पण चित्रपट दिग्दर्शकाचा असला तरी करार कंपनीशी असतो. ओळखीच्या माणसासाठी काम करताना हाच मुद्दा आपण सगळेच विसरतो. शेवट गोड झाला म्हणून ती चूक लहान ठरत नाही.

दुसरी, प्रकाशनाची वेळ. अल्बम जूनमध्ये काढून त्याच आठवड्यात पुढच्या कामात बुडून जाणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. चित्रपटाच्या तारखेमुळे फार लांबवता आलं नसतं हे खरं, पण मैफलींत यातलं जास्त वाजवता आलं असतं. पहिल्या दोन रचना आणि काही काळ ‘चाइल्डहुड्स एंड’ एवढंच मंचावर गेलं. ‘वॉट्स... अं द डील’ लोकांसमोर मंचावरून ऐकायला मिळालं ते गिल्मोरच्या २००६ च्या स्वतःच्या दौऱ्यात, ३४ वर्षांनी. ‘स्टे’ तर तसंच राहिलं.

मुखपृष्ठाबद्दल माझं मत बदलत गेलं आहे. हिप्नोसिस या मुखपृष्ठं करणाऱ्या नेहमीच्या चमूने चित्रपटातलं एक दृश्य, झाडावर बसलेला माणूस, इतकं धूसर करून छापलं की नुसते प्रकाशाचे गोळे दिसतात. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यातून काहीच कळत नसणार. ‘मेडल’चंही मुखपृष्ठ असंच कोडं होतं. पूर्वी मला ही चूक वाटे. आता शीर्षकरचना ऐकताना तेच चित्र डोळ्यांसमोर येतं आणि दुसरं कुठलं तिथे बसेल असं वाटत नाही.

उशिरा का होईना, काही दुरुस्त्या झाल्या. २०१६ च्या ‘द अर्ली इयर्स’ या संचात अल्बमचं नवं मिक्स आलं. त्यात गिटार आणि पियानो वेगळे, मोकळे ऐकू येतात. निक मेसनने २०१८ मध्ये ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हा स्वतःचा बँड उभा केला आणि ती जुनी जोडी, शीर्षकरचना आणि ‘व्हेन यू आर इन’, पुन्हा मंचावर आणली.

एक दुरुस्ती राहिली आहे आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. अल्बमची शेवटची रचना ‘अ‍ॅब्सोल्यूटली कर्टन्स’. राइटच्या ऑर्गनवर ती हळूहळू विरत जाते आणि तिच्या तळातून माणसांचे आवाज वर येतात. न्यू गिनीतल्या मापुगा जमातीचं ते गाणं आहे, चित्रपटाच्या चमूने तिकडे असताना टिपलेलं. बँड थांबलेला असतो, तेच गात राहतात, अल्बम संपेपर्यंत. रचनाकार म्हणून मात्र तिथे वॉटर्स, गिल्मोर, राइट आणि मेसन एवढीच चार नावं आहेत. त्यांत एक ओळ वाढवायला १९७२ मध्येही कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं, आणि आजही नाही.